शेवटचा हात

“मग चुकतंय कुठं, वस्ताद?”

सुकुमारनं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात रंगाची गन होती आणि आवाज रडायच्या बेताला आला होता.

समोर बुटक्या लाकडी घोडीवर गाडीचं बॉनेट आडवं ठेवलेलं होतं. काळं, ओलं, चकचकीत. आणि त्याच्या मधोमध सुईनं टोचावेत तसे बारीक बारीक खड्डे. तिथं रंग बसतच नव्हता. अंग चोरून बाजूला सरकत होता.

जोतीराम वस्ताद वाकले. खड्डे नीट बघितले. मग परत स्टुलावर जाऊन बसले आणि चहाचा घोट घेतला.

“मला ठावं न्हाई.”

“तुम्हाला ठावं न्हाई?”

“न्हाई.”

…

सुकुमारला खड्ड्यांपेक्षा या उत्तराचा जास्त धसका बसला. गुरूला एखादी गोष्ट ठाऊक नसते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

कोल्हापुरात गाड्या रंगवणारे पुष्कळ. पण वर्षानुवर्षं उन्हापावसात टिकेल अशी चमक आणणारे एकटे जोतीराम वस्ताद, असं लोक म्हणत. म्हणजे निदान वस्तादांच्या गॅरेजमधले लोक तरी म्हणत. वस्ताद स्वतः या विषयावर फारसं बोलत नसत. कुणी गिऱ्हाईक फारच मागं लागलं, तर एवढंच सांगत, “पॉलिशनं चमक येत न्हाई. आत असली तर दिसती.”

आत म्हणजे कुठं, हे सुकुमारला चांगलं ठाऊक होतं. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा. पोचा आलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. ती वाळली की पाणी मारत वॉटर पेपरनं घासायची. मग अस्तराचा रंग, पुन्हा घासणी. मग खरा रंग, त्यावर लॅकर, त्यावर पुन्हा बारीक घासणी, आणि सगळ्यात शेवटी रबिंग आणि पॉलिश. गिऱ्हाइकाला शेवटचे दोन दिवस दिसतात. त्याआधीचा महिना दिसत नाही.

सुकुमार मगदूम हा मूळचा तालमीतला गडी. आईनं नाव ठेवलं सुकुमार, पण अंग असं की दार उघडायला सांगितलं तर बिजागरीसकट हातात येईल की काय, अशी धास्ती वाटायची. कुस्तीत गुडघा गेला आणि तो वस्तादांकडे आला. आला तो चिकटलाच. काम शिकला, हात बसला. आता वस्तादांच्या खालोखाल त्याचाच हात, हे सगळे मानत होते आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

पण त्याला खरा अभिमान हाताचा नव्हता. अभिमान होता भक्तीचा.

बाकीचे कामगार सकाळी येत, वस्तादांना “आलो” म्हणत आणि कामाला लागत. सुकुमारचं तसं नव्हतं. आखाड्यात उतरताना वस्तादांच्या पायाला हात लावायचा, ही तालमीतली रीत त्यानं गॅरेजमध्येही चालू ठेवली होती. रंगाची गन उचलण्याआधी तो वस्तादांसमोर वाकायचा, दोन्ही तळवे त्यांच्या पावलांवर टेकवायचा आणि मगच कामाला हात घालायचा. बाकीच्यांकडे तेव्हा तो असा बघायचा, की त्यांनी मान खाली घालावी.

नम्रतेचाही माज असतो. आणि तो उतरवणं कठीण, कारण तो आधीच वाकलेला असतो. टपली मारायला डोकं सापडत नाही.

यंदा थंडी पडली आणि वस्तादांच्या टाचा फुटल्या. पाण्यात उभं राहून पेपर मारण्यात हयात गेलेली, त्यामुळे भेगा अशा की चालताना तोंड वाकडं व्हायचं. कुणी काही केलं नाही. सुकुमारनं मेडिकलमधून चांगलं महागातलं मलम आणलं, आणि वस्तादांनी रोज सकाळी ते सगळ्या पावलांना चोळलंय की नाही याची विचारपूसही तोच करू लागला. सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानं.

तर हा असा सुकुमार. त्याला आता स्वतःचं दुकान काढायचं होतं.

पेठवडगावला हमरस्त्याला लागून त्याच्या मामाची शेड रिकामी होती. मामानं निरोप धाडला होता, संक्रांतीच्या आत काय ते सांग, नाहीतर टायरवाला मागं लागलाय, त्याला देऊन टाकतो. वस्तादांना न विचारता सुकुमार गेला असता तर कुणी त्याला अडवणार नव्हतं. पण वस्तादांचा शब्द घेतल्याशिवाय दुकान काढायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

त्यानं विचारलं तेव्हा वस्तादांनी एका वकिलांच्या जुन्या काळ्या गाडीकडे बोट दाखवलं होतं.

“ही एकट्यानं रंगवून काढ. मग बघू.”

काळा रंग म्हणजे चुगलखोर. पांढऱ्या गाडीवर खपून जाईल ते सगळं काळ्यावर चव्हाट्यावर येतं. सुकुमारनं दिवाळीच्या आत दारं, डिकी, टप सगळं करून ठेवलं. कुठं बोट दाखवायला जागा नाही. बॉनेट तेवढं फार पिचलेलं होतं, म्हणून ते काढून शेवटासाठी ठेवलं होतं.

आणि तिथंच गाडं अडलं.

रंग मारला की खड्डे. घासून काढला, पुन्हा मारला, पुन्हा खड्डे. तेही दरवेळी तिथंच, मधल्या भागात.

तेलाचा अंश लागला की रंग असा फाटतो, हे सुकुमारला कळत होतं. म्हणून त्यानं तेलाचा संशय सगळ्या जगावर घेतला. थिनर बदलला. कॉम्प्रेसर उघडून पुसून काढला. गॅरेजमध्ये डोक्याला तेल लावून यायला सगळ्यांना बंदी केली. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याशी कढईवरून भांडण काढलं. शेवटी नजर लागली असेल म्हणून दाराला लिंबू-मिरची बांधली, ती वस्तादांनी सोडायला लावली.

एवढं सगळं करून आज पुन्हा खड्डे पडले होते, आणि वस्ताद म्हणत होते, मला ठावं न्हाई.

सुकुमार गन ठेवून खाली बसला. संक्रांत आठवड्यावर आली होती.

“मी बॉनेट बदलू का?” त्यानं विचारलं.

“पत्र्याचा काय गुन्हा?”

“मग काय करू?”

वस्तादांनी कप खाली ठेवला.

“उद्या माझ्यासमोर मार. पहिल्यापासनं.”

त्या दिवशी सुकुमार जेवायलाही उठला नाही. फाटलेला रंग त्यानं घासून काढला. हट्टानं घासला, जीव तोडून घासला. जमत नाही म्हणून परत फिरायचं हे त्याला तालमीत कुणी शिकवलं नव्हतं आणि इथंही नव्हतं. हे बॉनेट चमकवून दाखवीन, नाहीतर गनला हात लावणार नाही, असं तो पेपर मारता मारता स्वतःशीच पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर वस्ताद स्टूल घेऊन बॉनेटच्या समोरच बसले.

सुकुमारनं फरशीवर पाणी मारलं, म्हणजे धूळ उडायला नको. बॉनेट साबणाच्या पाण्यानं धुतलं, कोरडं केलं, थिनरच्या फडक्यानं पुसलं. रंग गाळून घेतला. गन एका भंगार पत्र्यावर मारून बघितली.

मग त्यानं कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, दोनदा धुतले. वस्तादांच्या पायाला मळका हात कसा लावायचा?

तो वाकला. दोन्ही तळवे पावलांवर टेकवले, जरा जास्त वेळच. आज त्याला आशीर्वादाची गरजही जास्त होती.

उठून तो बॉनेटपाशी गेला आणि शेवटचा हात फिरवला.

शेवटचा हात ही या गॅरेजची पद्धत. रंग मारण्याआधी डोळे मिटून उघडा तळवा आधी मधोमध टेकवायचा आणि तिथून पूर्ण पत्र्यावरून फिरवायचा. डोळ्याला न दिसलेला खरखरीतपणा तळव्याला सापडतो. वस्तादांनीच ही सवय सगळ्यांना लावलेली.

त्यानं गन उचलली. रंग पडला, पसरला, घटकाभर आरशासारखा झाला.

आणि फाटला.

…

सुकुमारनं वर बघितलं. वस्ताद बॉनेटकडे बघतच नव्हते. ते त्याच्या हातांकडे बघत होते. मग त्यांची नजर खाली गेली, स्वतःच्या पायांवर. तिथं ती बराच वेळ राहिली.

“वस्ताद?”

“घासून ठेव,” वस्ताद म्हणाले. “मी उद्या येतो.”

एवढं बोलून ते चपला अडकवून घरी गेले. दुपारची जेवायची वेळसुद्धा झाली नव्हती.

सुकुमारनं घासायला घेतलं. मामाला नाही म्हणून सांगावं, असं त्याच्या मनात एकदा येऊन गेलं. मनात आलं म्हणून तो स्वतःवरच चिडला आणि आणखी जोरानं घासू लागला.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच सगळं. पाणी मारलं, पुसलं, रंग गाळला, हात धुतले. सुकुमार वस्तादांसमोर वाकणार, एवढ्यात वस्तादांनी पाय मागं घेतले.

“थांब. खांदा दे.”

सुकुमारनं खांदा दिला. वस्तादांनी त्याचा आधार घेतला, एका पायातली चप्पल काढली, आणि पुसून तयार ठेवलेल्या बॉनेटवर मधोमध आपलं उघडं पाऊल ठेवलं. नीट दाबून ठेवलं, मग उचललं.

गॅरेजमध्ये हातातली कामं थांबली. रंगाला तयार केलेल्या पत्र्यावर भलत्या कुणी बोट लावलं तरी हे वस्ताद त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

“मार रंग,” वस्ताद म्हणाले.

“वस्ताद, पाय…”

“मार.”

सुकुमारनं मारला. सवयीनं गन सरळ चालली. काळा रंग सगळीकडे सारखा बसला, चमकला, आणि मग मधोमध सरकू लागला. आधी टाच उमटली. मग तळव्याची कड. मग अंगठा आणि शेजारची चार बोटं.

वस्तादांचं पाऊल बॉनेटवर उमटलं होतं. सगळं खड्ड्याखड्ड्यांचं.

…

सुकुमारनं काय करावं? त्यानं हात जोडले. नकळत जोडले, देवळात मूर्ती दिसल्यावर जुळतात तसे. आणि जोडलेल्या हातांकडे बघता बघता त्याला उलगडलं. तो रोज स्वच्छ हात धुवून त्या पावलांना लावत होता आणि तोच हात बॉनेटवर फिरवत होता.

“मलम,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मीच आणलं.”

“आणि मी लावून घेतलं.” वस्ताद स्टुलावर टेकले. “टाचा काय, दरसाली फुटत्यात. पण रोज सकाळी कुणीतरी पायाशी वाकतंय, ते बरं वाटायचं मला. नको म्हणायला जीभ वळली न्हाई.”

सुकुमारला फार लाज वाटली. वस्तादांची नाही, स्वतःची. भजीवाल्याच्या कढईपर्यंत त्यानं तेल शोधलं होतं.

तरी त्या पावलावरून त्याची नजर हटेना. अंगठ्याचा वाक, फुटलेल्या टाचेची कड, सगळं हुबेहूब. असलं पाऊल मागून मिळालं नसतं.

“वस्ताद, हे असंच राहू दे,” तो म्हणाला. “वकिलांना मी दुसरं बॉनेट आणून देतो, चांगल्यातलं. हे मी माझ्या दुकानात लावतो. देवाच्या फोटोशेजारी.”

“कुठलं दुकान?”

…

सुकुमार रंग वाळेपर्यंत पावलासमोर बसून राहिला.

मग वस्ताद उठले. वॉटर पेपरचा एक तुकडा बादलीत बुडवला, निथळला आणि त्याच्यासमोर धरला.

सुकुमारनं हात मागं घेतला.

“माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, वस्ताद. तुमचं पाऊल हाय ते.”

“खोट हाय ती.”

“दुसऱ्या कुणाला तरी सांगा.”

“पाय धरायला काय लागतंय, सुकुमार? वाकलं की झालं.” वस्तादांनी पेपर त्याच्या तळव्यावर ठेवला. “घास.”

सुकुमारनं कडेपासून सुरुवात केली. आधी चारी बाजू घासल्या, मग आतला भाग. पाणी मारत, गोल न फिरवता सरळ रेषेत, शिकवल्याप्रमाणे. घासत घासत तो पावलापाशी आला आणि थबकला. सगळं बॉनेट मळकट करडं झालं होतं, आणि मधे तेवढं पाऊल काळंभोर उरलं होतं.

त्यानं वस्तादांकडे बघितलं. वस्ताद दुसरीकडे बघत होते.

गुडघा मोडला तेव्हा हा माणूस रडला नव्हता. आता त्याच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते पुसायला हात रिकामा नव्हता आणि त्यानं तो रिकामा केलाही नाही. दात आवळून पेपर टाचेवर ठेवला आणि घासायला लागला. टाच गेली, तळवा गेला. बोटं एकेक करून गेली. आत मुरलेला मलमाचा अंश जावा म्हणून त्यानं ती जागा पत्रा दिसेपर्यंत उतरवली, धुतली, पुन्हा धुतली.

मग लांबी, अस्तर, घासणी असं सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं.

रंगाच्या दिवशी त्यानं हात धुतले आणि सवयीनं वळला. वस्ताद दाराबाहेर उन्हात त्याच्याकडे पाठ करून बसले होते, पाय लुंगीत घेऊन.

ओले हात हवेत धरून सुकुमार क्षणभर तसाच उभा राहिला. न वाकता काम सुरू करायचं म्हणजे त्याला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. मग हात वाळले, आणि तो तसाच बॉनेटपाशी गेला. शेवटचा हात फिरवला. गन उचलली.

रंग पडला आणि पसरला.

तो वाट बघत राहिला. रंग फाटला नाही.

त्याला वाटलं होतं, असं झालं की आपण गॅरेज डोक्यावर घेऊ. पण त्यानं गन हळूच खाली ठेवली आणि बाहेर उन्हात बसलेल्या पाठीकडे बघितलं. न वाकताही जमतं, हे त्याला नको होतं. पण समोर ते जमलेलं होतं आणि नाकारता येत नव्हतं.

लॅकर चढला, वाळला. सुकुमारनं वरची कातडी अगदी बारीक पेपरनं घासून निस्तेज केली, मग रबिंग लावलं, मग पॉलिश. मशीन ठेवून शेवटची पुसणी त्यानं हातानंच केली. ऐन संक्रांतीच्या तोंडावर बॉनेट गाडीवर चढलं आणि गाडी उन्हात उभी राहिली. वरून गेलेल्या कावळ्याची पिसंसुद्धा बॉनेटमध्ये मोजून घ्यावीत.

वस्ताद आले. त्यांनी बॉनेटवर एक पातळ मलमलचं फडकं टाकलं, त्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. हात या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, परत आला, मधे थांबला, पुढं गेला.

सुकुमार त्या हाताकडे बघत उभा होता. मामाचा माणूस सकाळीच निरोप विचारून गेला होता, आणि त्याला त्यानं संध्याकाळी सांगतो म्हटलं होतं.

वस्तादांनी डोळे उघडले. फडकं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

“माझं पाऊल कुठं हुतं, दाखव.”

सुकुमार वाकला. समोरून बघितलं. बाजूनं बघितलं. उन्हाकडे तोंड करून, मग उन्हाकडे पाठ करून बघितलं. एक डोळा मिटून पत्र्याच्या पातळीला नजर लावली. त्याला आभाळ दिसलं, शेडचा पत्रा दिसला, स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसला.

इथं असेल म्हणून त्यानं बोट उचललं, आणि खात्री वाटेना म्हणून खाली घेतलं.

…

“सापडत न्हाई, वस्ताद.”

वस्तादांनी मान डोलावली, आणि पहिल्यांदाच त्याच्या रुंद पाठीवर हात ठेवला.

“सापडलं असतं, तर तुला जाऊ दिलं नसतं.”